स्प्रिंगर एअर रायफलला परवडणारा स्कोप घ्यायचाय? झूम सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची, स्प्रिंग रायफल (तीच स्प्रिंगर) आहे, ४.५ मिमी छर्ऱ्याची, १० ते ३० मीटरवर कागदी टार्गेट आणि रिकामे डबे एवढंच मारायचंय. पहिला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, दोन-तीन महिन्यांत गेला, म्हणजे दिसतं व्यवस्थित पण नेम एका जागी थांबत नाही. आता थोड्या पैशात नवीन घ्यायचाय आणि साधारण सारख्याच किमतीत दोन समोर आहेत, एक ६-२४×५० आणि एक ३-९×४० (आधीचे आकडे झूम, शेवटचा समोरच्या भिंगाचा व्यास मिमीत). त्याच पैशात जास्त झूम मिळतोय तर तोच घेऊन टाकू का?

नका घेऊ. ३-९×४० घ्या, पण दोन अटींवर. पहिली, समोरच्या भिंगाजवळ अंतरानुसार फिरवायची फोकस रिंग हवी, तिला एओ म्हणतात, आणि ती १० मीटरच्या आसपास खाली यायला हवी. दुसरी, त्या मॉडेलच्या माहितीत स्प्रिंग एअर रायफलवर चालतो असं स्वच्छ लिहिलेलं हवं. या दोन्ही अटी बजेटमध्ये बसत नसतील तर झूमचा नाद सोडा आणि एअर रायफलसाठीच बनवलेला साधा ४×३२ घ्या, आणि उरलेले पैसे माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या पकडीवर, घाला. मी गेली बरीच वर्षं स्प्रिंगर चालवतोय, स्वतःच्या आणि मित्रांच्या खोलून साफ करतोय, आणि या काळात जेवढे स्कोप गेलेले बघितले त्यातले बहुतेक दोनच कारणांनी गेले, एक तर स्कोप या धक्क्यासाठी बनवलेलाच नव्हता किंवा माउंट सरकत होतं. झूम कमी पडला म्हणून कुणाचा नेम चुकतोय असं १० ते ३० मीटरवर मला तरी फारसं दिसलेलं नाही.

आता धक्क्याचं नीट समजून घ्या, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. साध्या बंदुकीत बार उडाला की बंदूक मागे येते, खांद्यात बसते, संपलं. स्प्रिंगरमध्ये ट्रिगर दाबला की जाड स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन जोरात पुढे पळतो, म्हणून रायफल आधी मागे येते. मग पिस्टनपुढची हवा दाबली जाते, पिस्टन तिच्यावर आपटून थांबतो आणि रायफल एकदम पुढे झटका खाते. म्हणजे एका शॉटमध्ये दोन उलटसुलट धक्के, तेही काही मिलिसेकंदात, आणि त्यातला बराचसा भाग छर्रा अजून नळीत असतानाच होऊन जातो. यात पुढचा झटका जास्त वाईट. बंदुकीसाठीच्या स्कोपमध्ये आतले भाग एकाच दिशेचा मार सोसतील असे बसवलेले असतात, उलट्या दिशेच्या झटक्याचा विचारच केलेला नसतो, त्यामुळे मोठ्या कॅलिबरच्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंगरवर थोड्याच दिवसांत मान टाकू शकतो. लोकांना हे खरं वाटत नाही, त्यांना वाटतं एअर रायफल म्हणजे हलकी, तिला काय धक्का. गॅस रॅमवाल्या रायफलीलाही हेच लागू, तिथे स्प्रिंगच्या जागी गॅसचा सिलिंडर असतो एवढंच, पिस्टन तोच. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला, मात्र लागू नाही, तिला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे पीसीपीवाल्या मित्राचा सल्ला ऐकून स्प्रिंगरचा स्कोप घेऊ नका, त्याच्या रायफलीवर काहीही टिकतं.

असाच एक गेलेला स्कोप मी एकदा पूर्ण खोलला होता. बाहेरची नळी काढली की आत अजून एक बारीक नळी असते, तिच्यातच झूमची भिंगं आणि बहुतेक क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायचं अधिक-चिन्ह. ही आतली नळी मागच्या टोकाला टेकलेली असते आणि पुढचं टोक मोकळं, त्याला वरून एक आणि बाजूनं एक असे नेम हलवायच्या नॉबचे स्क्रू दाबतात आणि समोरून एक पातळ पट्टीची स्प्रिंग त्या नळीला स्क्रूंवर रेटून धरते. तुमचा झिरो म्हणतात तो, म्हणजे क्रॉसहेअर जिथे तिथेच छर्रा लागायची जुळणी, एवढ्याशा पट्टीच्या जिवावर उभा असतो. त्या स्कोपमध्ये पट्टी मऊ पडून चपटी झाली होती आणि नळी बोटानं ढकलली की जागेवर परत येत नव्हती. बाहेरून तोच स्कोप चकाचक, भिंग स्वच्छ, क्लिक कडक. म्हणून बाहेरून बघून किंवा खिडकीतून लांबचं झाड बघून स्कोप चांगला की वाईट हे कळत नाही. तुमचा पहिला स्कोप दिसतोय व्यवस्थित पण नेम धरत नाही, हे वाचून मला पहिल्यांदा ती पट्टीच आठवली. तसा जुना स्कोप कानाजवळ धरून हलक्या हातानं हलवून बघा, आत टिकटिक किंवा खुळखुळ ऐकू आली तर त्याच्यावर अजून छर्रे घालवू नका.

क्रॉसहेअर दोन प्रकारचे येतात, बारीक तारेचे आणि काचेवर कोरलेले. स्प्रिंगरला काचेवर कोरलेलं चांगलं, तार तुटायचा प्रश्नच राहत नाही. लाल-हिरवा दिवा लागणारा क्रॉसहेअर मात्र कमी बजेटमध्ये घेऊ नका, दिवसा त्याचा उपयोग नाही आणि त्या पैशात आतली कारागिरी कुठेतरी कमी झालेली असते. डब्याला गोळ्या मारायला तर नाहीच लागत.

आता पॅरॅलॅक्स. हा शब्द ऐकून लोक पुढे जातात पण जवळच्या अंतरावर हाच सगळ्यात जास्त फसवतो. गाडी चालवणाऱ्याला स्पीडचा काटा एका आकड्यावर दिसतो आणि शेजारी बसलेल्याला तोच काटा दुसऱ्या आकड्यावर दिसतो, कारण काटा आणि आकडे एकाच पातळीवर नसतात. स्कोपमध्ये काटा म्हणजे क्रॉसहेअर आणि आकडे म्हणजे टार्गेटची प्रतिमा. ज्या अंतराला स्कोप कारखान्यात जुळवलाय तिथे दोन्ही एकाच पातळीवर येतात, बाकी अंतरावर डोळा जरा बाजूला गेला की नेम बाजूला. मोठ्या बंदुकीचे स्कोप साधारण १०० यार्ड किंवा त्याहून लांबला जुळवलेले असतात, छोट्या काडतुसाच्या रिमफायर बंदुकीचे ५० यार्डाच्या आसपास, आणि एअर रायफलसाठीचे फिक्स, म्हणजे अंतरानुसार फोकस न बदलणारे, स्कोप अजून जवळच्या अंतराला.

किती फरक पडतो ते आकड्यात बघा. समोरचं भिंग ४० मिमीचं, स्कोप १०० मीटरला जुळवलेला आणि तुम्ही मारताय १० मीटरवर. डोळा अगदी कडेला गेला तर जास्तीत जास्त चूक म्हणजे भिंगाच्या व्यासाचा निम्मा भाग, २० मिमी, गुणिले ९० भागिले १००, म्हणजे १८ मिमी. गाल रोज एकाच जागी टेकवणारा माणूस एवढी चूक करणार नाही, पण त्याच्या पाव हिस्सा जरी केली तरी साडेचार मिमी झाली, म्हणजे अख्ख्या छर्ऱ्याएवढी. आणि वर १० मीटरवर लांबला जुळवलेला स्कोप धूसरही दिसतो, झूम वाढवला की अजून धूसर. त्यामुळे एओ म्हणजे शोभेची रिंग नाही, १० ते ३० मीटरवाल्यासाठी तोच स्कोपचा मुख्य गुण. काही स्कोपला हीच सोय बाजूच्या नॉबवर असते, वापरायला जास्त सोयीची, पण त्या यंत्रणेचे भाग वाढतात, वजन वाढतं, कमी किमतीत मी पुढच्या भिंगावरचीच पसंत करतो.

रिंगवर लिहिलेल्या अंतरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रायफल उशीवर किंवा वाळूच्या पिशवीवर अशी ठेवा की हलणार नाही, हात न लावता स्कोपमधून बघा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे, वर-खाली न्या. क्रॉसहेअर टार्गेटवर फिरत असेल तर रिंग थोडी फिरवा, परत बघा, जिथे फिरायचं थांबेल तीच त्या अंतराची खरी जागा, तिथे पेन्सिलनं खूण करून ठेवा. माझ्या एका स्कोपवर रिंगवर २५ लिहिलंय तिथे खरे २० मीटर येतात, आता सवय झालीय.

आणि ज्यांच्याकडे आधीच फिक्स स्कोप आहे, नवा घ्यायचे पैसे नाहीत, त्यांनी एवढं करा. समोरच्या प्लास्टिकच्या झाकणाला बरोबर मधोमध १५ मिमीचं भोक पाडा आणि झाकण लावूनच मारा. वरच्याच हिशोबात २० च्या जागी साडेसात धरा, चूक १८ वरून ७ मिमीच्या आत येते. प्रतिमा जरा अंधारते पण दिवसा ४ झूमवर अजिबात त्रास होत नाही, आणि फोकसही थोडा सुधारतो. समोरच्या भिंगाची कडी उघडून भिंग पुढे घेऊन जवळचं फोकस जुळवायचा उपाय पण लोक करतात, पण त्यानं आतला कोरडा गॅस निघून जातो आणि मग पावसाळी हवेत आतून धुकं धरतं, म्हणून मी कुणाला सांगत नाही.

झूमचं बोलू. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले झूम केलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोळ्याचा व्यास मिळतो. ४×३२ ला ८ मिमी, म्हणजे डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी चित्र जात नाही. ९ झूमला ४० मिमीचं भिंग असेल तर साडेचारच्या आसपास, ठीक. २४ झूमला ५० मिमीचं असेल तर फक्त २ मिमी, डोळा केसभर हलला की काळं. शिवाय एवढ्या झूमवर तुमच्या हृदयाचा प्रत्येक ठोका टार्गेटवर दिसतो आणि माणूस क्रॉसहेअर मधोमध यायची वाट बघत बघत ट्रिगर झटकून टाकतो. स्वस्तातल्या मोठ्या झूमचं शेवटचं एक तृतीयांश तर नुसतं धुरकट असतं, वापरताच येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. जड स्कोप झटक्याच्या वेळी माउंटवर जास्त जोर टाकतो, जास्त सरकतो, आधीच पुढून जड असलेली ब्रेक बॅरल हातात अजून अवघड होते, नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी गत. मी ३-९ वापरतो तेव्हा सुद्धा बहुतेक वेळ ६ वर असतो.

मिल-डॉटवाला, म्हणजे रेघांवर मोजमापाचे ठिपके असलेला, क्रॉसहेअर घेतला तर एक लक्षात ठेवा, बहुतेक परवडणाऱ्या स्कोपमध्ये झूम बदलला तरी ठिपक्यांचा आकार डोळ्याला तेवढाच दिसतो, त्यामुळे दोन ठिपक्यांमधलं अंतर टार्गेटवर किती हे प्रत्येक झूमला वेगळं येतं. एक झूम ठरवा आणि त्यावरच राहा. ज्यांना ४.५ मिमीचा छर्रा ३० मीटरवर किती खाली जातो ते ठिपक्यानं मोजायचंय त्यांना हे फार कामाचं, बाकीच्यांना साधी अधिक-चिन्हाची जाळी पुरते.

आता माउंट, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक स्कोपसाठी महिनोन्‌महिने विचार करतात आणि माउंट जे डब्यात आलं ते लावतात. आधी रायफलीची खाच बघा. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिमीची डव्हटेल खाच असते, काहींवर रुंद आडव्या खाचा असलेली वीव्हर किंवा पिकॅटिनी पट्टी. दोन्हीची माउंट वेगळी, एकाचं दुसऱ्यावर बसत नाही, आणि डव्हटेलचं मापही कंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे होतं म्हणून जबडा नीट पकडतोय का ते बघून घ्या. मग स्कोपच्या नळीचा व्यास, एक इंच म्हणजे २५.४ मिमी किंवा ३० मिमी, माउंटच्या स्कोप धरणाऱ्या रिंग त्याच मापाच्या हव्यात.

पुढच्या झटक्यात रायफल पुढे जाते आणि स्कोप जिथल्या तिथे राहू बघतो, म्हणजे रायफलीच्या हिशोबानं स्कोप मागे सरकतो. हे रोखायला माउंटच्या खाली एक छोटी पिन असते, स्टॉप पिन, ती रायफलीवरच्या भोकात उतरवायची. लोक पिन भोकात टाकतात पण मधोमध सोडतात, मग पहिल्याच काही शॉटमध्ये माउंट तेवढं मागे येऊन आपटतं. पिन भोकात उतरवली की स्क्रू आवळायच्या आधी माउंट हातानं मागे ओढा, पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकली पाहिजे, मगच आवळा. भोक नसेल तर मागच्या रिंगच्या मागे अडवणारा वेगळा ठोकळा मिळतो तो लावा. स्प्रिंगरला दोन सुट्या रिंगपेक्षा एकसंध माउंट बरं, पकड लांब मिळते आणि स्क्रू जास्त असतात. खाच आणि जबडा दोन्ही स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडे करा, तेलाचा पातळसा थर राहिला तरी तो घसरगुंडीचं काम करतो.

लावून झालं की मागच्या रिंगला अगदी चिकटून खाचेवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. पन्नास छर्रे मारा आणि बघा. रेघ आणि रिंगच्या मध्ये चकाकणारा धातू दिसला किंवा रेघच खरवडली गेली असेल तर माउंट सरकतंय, स्कोपला दोष देऊ नका. नळीवर पण तशीच एक रेघ मारा, कारण कधी माउंट जागेवर असतं आणि स्कोपच रिंगमधून सरकत असतो. वरच्या टोप्यांचे स्क्रू आलटूनपालटून, तिरके, थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. लहान ॲलन कीच्या आखूड टोकाला धरून बोटांच्या जोरानं आवळलं की पुरे. जास्त आवळलं की नळी आत दबते आणि मग झूमची रिंग जड फिरायला लागते, ती नळी परत सरळ होत नाही.

ब्रेक बॅरलवाल्यांनी ही पुढची गोष्ट मनावर घ्या. यात नळी आणि स्कोपची खाच हे दोन वेगळे भाग बिजागरीवर जोडलेले असतात आणि बऱ्याच रायफलींची नळी बंद केल्यावर किंचित खाली झुकलेली असते. उघड्या साइटला, म्हणजे रायफलीवरच्या स्वतःच्या नेमखुणांना, फरक पडत नाही कारण तिथे बहुतेक वेळा पुढची आणि मागची दोन्ही साइट नळीच्याच बाजूला असतात. स्कोप मात्र मागच्या भागावर बसतो, त्यामुळे छर्रा खूप खाली लागतो आणि माणूस वरचा नॉब वर, वर, वर फिरवत जातो. आता ती आतली पट्टीची स्प्रिंग आठवा. नॉब जेवढा वर फिरवाल तेवढा स्क्रू मागे येतो, तेवढी पट्टी सैल पडते, आणि शेवटाजवळ तर ती नळीला धरून ठेवतच नाही, प्रत्येक झटक्याला नेम थोडा हलतो. कित्येक चांगले स्कोप यामुळे खराब ठरवून फेकले गेलेत. तुमच्या पहिल्या स्कोपचा नॉब कुठे होता ते जाऊन बघा, अगदी वरच्या टोकाला असेल तर कदाचित स्कोप अजून जिवंत आहे.

नॉब मध्यावर आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे आरसा. झूम सगळ्यात कमी करा, स्कोपचं समोरचं भिंग आरशाला सपाट टेकवा आणि आत बघा. क्रॉसहेअर आणि त्याचंच धूसर प्रतिबिंब असे दोन दिसतील, नॉब फिरवून दोन्ही एकमेकांवर आणा, तो मध्य. आता रायफलीवर लावून १० मीटरवर मारा. छर्रा खूप खाली लागला तर फरक नॉबनं नाही, मागच्या रिंगनं भरून काढायचा. रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात, स्कोपच्या नळीच्या खाली, पातळ पट्टी ठेवायची. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो. दोन रिंगमध्ये १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीची एक पट्टी १० मीटरवर नेम १० मिमी वर नेते, २५ मीटरवर २५ मिमी. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ठीक, त्याच्या पुढे नळीवर ताण येतो, मग मागून उंच असलेलं, खास झुकलेल्या नळीसाठीचं माउंट घ्या. ज्यांची रायफल अंडरलिव्हर आहे, नळी पक्की बसवलेली, जसं वायराउखची एचडब्ल्यू ९७ किंवा एअर आर्म्सची टीएक्स २००, त्यांना ही भानगड बहुतेक नसते.

विकत घेताना ब्रँडच्या नावापेक्षा मॉडेलची माहिती वाचा. हॉकची एअरमॅक्स मालिका एअर रायफलसाठीच आहे, लीपर्सच्या यूटीजीमध्ये पण स्प्रिंगरचा धक्का धरून बनवलेले मिळतात, पण एकाच कंपनीचा एक स्कोप स्प्रिंगरवर चालतो आणि दुसरा चालत नाही असं सर्रास असतं. वॉरंटीत स्प्रिंग एअर रायफल वगळलीय का हे विकणाऱ्याला सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नावाजलेल्या कंपनीचा स्कोप निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल तर तो नकली समजा, खोक्यावरच्या नावाचं स्पेलिंग आणि वॉरंटीचा क्रमांक तपासा. दुसऱ्याच्या स्प्रिंगरवरून उतरवलेला जुना स्कोप स्वतः मारून बघितल्याशिवाय घेऊ नका. हातात घेतल्यावर दहा-बारा पावलांवरचा छापील कागद वाचायचा प्रयत्न करा, अक्षरं कडेपर्यंत स्वच्छ दिसली पाहिजेत, आणि नॉबचे दोन्ही बाजूंनी क्लिक सारखे लागतायत का ते बोटाला जाणवलं पाहिजे.

तुम्ही कागदी टार्गेटचं म्हणालात म्हणून अजून एक. अधिकृत १० मीटर एअर रायफल स्पर्धेत स्कोप चालतच नाही, तिथे डायऑप्टर, म्हणजे बारीक भोकातून बघायची, साइट असते, त्या टार्गेटचा व्यास ४५.५ मिमी आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा. कधी त्या बाजूला जायचा विचार असेल तर स्कोपचे पैसे डायऑप्टरसाठी ठेवा.

आणि पैसे घालायच्या आधी रायफलच बघून घ्या, कारण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. उघड्या साइटनं १० मीटरवर दहा छर्रे मारा. तिथेच ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा झुबका, पसरत असेल तर स्टॉकचे तिन्ही-चारही स्क्रू आवळा, स्प्रिंगरमध्ये ते हमखास सैल होतात. दोन-तीन प्रकारचे छर्रे आणून बघा, प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. आणि रायफल घट्ट आवळून धरू नका, पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर नुसती विसावू द्या, खांद्याला हलकी टेकू द्या, तिला दरवेळी सारखीच मागेपुढे हलू द्या. घट्ट धरलेली स्प्रिंगर दर शॉटला वेगळीकडे उडते आणि फाशी मात्र स्कोपला, चोर सोडून संन्याशाला. उघड्या साइटनं ग्रुप चांगला आणि स्कोपनं वाईट असं झालं तरच स्कोपवर संशय घ्या, आणि त्यातही ग्रुप दोन वेगळ्या झुबक्यांत पडत असेल तर बहुतेक आतली नळी दोन जागांमध्ये उड्या मारतेय, हळूहळू एकाच दिशेला सरकत जात असेल तर आधी माउंट.

रायफल नवी असेल तर पहिला ५०० छर्ऱ्यांचा डबा उघड्या साइटनंच संपवा. नव्या रायफलीत कारखान्याचं तेल-ग्रीस असतं, ते दाबाच्या उष्णतेनं पेटतं, नळीतून धूर आणि जळका वास येतो, कधी बंदुकीच्या बारासारखा कडक आवाज होतो, आणि तो झटका स्कोपला फार वाईट. त्याच कारणानं दाबकक्षात, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या जागेत, साधं तेल कधीच टाकू नका. बिनछर्ऱ्याचा ट्रिगरही कधी ओढू नका, छर्रा नसला की पुढे हवेची गादी नीट तयार होत नाही, पिस्टन थेट धातूवर आदळतो. आणि नळी मोडताना स्कोपला धरून ओढायची सवय असेल तर आजच सोडा, मी ही सवय चांगल्या चांगल्या माणसांना बघितलीय.

झिरो करताना १० मीटरपासून सुरुवात करा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिमी हलवतो, म्हणजे १० मीटरवर फक्त ०.७ मिमी, त्यामुळे ३ सेंटिमीटर हलवायला चाळीसेक क्लिक लागतात, घाबरून नॉब खराब आहे म्हणू नका. नॉब फिरवल्यावर पहिले दोन-तीन छर्रे वाया गेले असं धरा, आतली नळी नव्या जागी बसायला तेवढे लागतात, त्यानंतरचे पाच मोजा. मग २५ मीटरवर जा आणि तिथे पक्का करा. स्कोप नळीच्या साडेचार सेंटिमीटर वर बसलेला असतो, म्हणून २५ मीटरला झिरो असलेली साधारण ताकदीची रायफल ५ मीटरवर दोनेक सेंटिमीटर खाली आणि १० मीटरवर सेंटिमीटरभर खाली मारते. हे बिघाड नाही, पुठ्ठ्यावर दर ५ मीटरला तीन-तीन छर्रे मारून स्वतःच्या रायफलीचं कोष्टक लिहा आणि स्टॉकला चिकटवून ठेवा. टार्गेटच्या मागे वाळूचा डबा किंवा जाड पुठ्ठ्यांची गठडी हवीच, कडक लोखंडावरून छर्रा सरळ उलटा येतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा. जुना स्कोप आरशावर मध्यावर आणा, स्टॉप पिन मागे टेकवून परत बसवा, मागे पट्टी घाला आणि पन्नास छर्रे मारा. तेवढ्यानं ग्रुप जमला तर नवीन घ्यायची गरजच नाही. नाही जमला तर आधी एकसंध माउंट, मग एओवाला ३-९×४०, आणि नेलपॉलिशची रेघ तीनशे छर्ऱ्यांपर्यंत जागेवर राहते का बघा, राहिली तर माउंटच्या स्क्रूंना परत हात लावू नका.